ब्लू नाइलवर अन्याय झालेला नाही

ब्लू नाइल या स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या बँडचा चाहता भेटला की चहा संपायच्या आत तो एक गाऱ्हाणं मांडतो: या लोकांचं चीज झालं नाही. ऐंशीच्या दशकात त्याच ग्लासगोतून निघालेल्या सिंपल माइंड्सनी स्टेडियमं भरवली. शेजारच्या क्लाइडबँकच्या वेट वेट वेटचं एक गाणं १९९४ मध्ये सलग पंधरा आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर ठाण मांडून होतं. आणि आमच्या पॉल ब्युकॅननचं नाव काढलं तर समोरचा विचारतो, ‘कोण?’ हे गाऱ्हाणं मी स्वतः जवळजवळ वीस वर्षं गायले आहे. लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांपुढे, तोंडात कापसाचे बोळे असताना. अलीकडे मात्र ते मलाच पटेनासं झालंय. ब्लू नाइलवर अन्याय वगैरे काही झालेला नाही, आणि तो झाला असं म्हणत राहण्यात आपला, म्हणजे चाहत्यांचा, थोडा स्वार्थ आहे.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन माणसं: गाणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा पॉल ब्युकॅनन, बेस वाजवणारा रॉबर्ट बेल आणि कीबोर्डवाला पॉल जोसेफ मूर. १९८१ मध्ये त्यांनी पहिली तबकडी काढली. ज्या आरएसओ कंपनीने ती बाजारात आणली, तीच कंपनी लगोलग एका मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, आणि तबकडीचं जे व्हायचं ते झालं. मग १९८४ मध्ये ‘अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स’, १९८९ मध्ये ‘हॅट्स’, १९९६ मध्ये ‘पीस ॲट लास्ट’ आणि २००४ मध्ये ‘हाय’. वीस वर्षांत चार अल्बम, सगळी मिळून तेहतीस गाणी. पहिल्या दोन्ही अल्बमांत तर सात-सातच. २००४ नंतर बँड म्हणून नवं काही नाही. वाजतगाजत फुटले असंही नाही. काही घरांत भावाभावांचं बोलणं जसं कमी होत होत थांबतं, तसं झालं.

माझी ओळख उशिरा झाली. नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षं ग्लासगोत होते. नोव्हेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडायचा आणि आमच्याकडे घरोघरी दिवाळीचा फराळ चालू असेल या विचाराने जीव कासावीस व्हायचा. अशाच एका संध्याकाळी पाऊस चुकवायला एका चॅरिटी शॉपमध्ये शिरले. जुनी पुस्तकं, कुणाच्या तरी आजीचे कपबशीचे सेट आणि एका खोक्यात सीडी, कुठलीही घ्या, एक पौंड. ‘हॅट्स’ मी उचलली ती नावाला भुलून नव्हे, रिकाम्या हाताने बाहेर पडायची लाज वाटली म्हणून. घरी येऊन लावली. सहावं गाणं ओरखड्यामुळे अडखळत होतं. बाकीची सहा मी त्या हिवाळ्यात किती वेळा ऐकली, त्याला गणती नाही.

या गाण्यांत होतं काय, ते नुसतं ‘अप्रतिम’ म्हणून सांगता येत नाही. ‘द डाउनटाउन लाइट्स’ घ्या. सहा मिनिटांहून थोडं लांबच. सुरुवातीला यंत्राचा ताल, एकसुरी, पावसात गाडीची काच पुसणाऱ्या वायपरसारखा. त्यावर सिंथेसायझरच्या सुरांचे थर, पण दाटीवाटी नाही. दोन सुरांमध्ये एवढी मोकळी जागा की तिथे खुर्ची टाकून बसता येईल. आणि मग ब्युकॅननचा आवाज. हा माणूस तयारीचा गवई नाही. वरच्या सुराला जाताना आवाज किंचित फाटतो आणि तो ते लपवत नाही. सबंध गाणंभर एकच शंका: तुलाही हेच वाटतंय, हे मला कळावं कसं? तो आर्जव करत नाही, रडत नाही, स्वतःशी हिशेब मांडल्यासारखा पुन्हा पुन्हा विचारतो. शेवटच्या दीड मिनिटात मात्र बांध फुटतो आणि तो शहरातल्या वस्तूंची नुसती यादी म्हणू लागतो. निऑनचे दिवे, भाड्याच्या खोल्या, भाड्याच्या गाड्या, ओसाड बार, धुराडी. प्रेमाबद्दल एक शब्द नाही, तरी पहिल्यांदा ऐकताना घशात आवंढा आला. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

या गाण्यांतलं शहर ग्लासगो आहे, पण ग्लासगोचं नाव कुठे फारसं येत नाही. ‘टिन्सलटाउन इन द रेन’ या गाण्याच्या नावातच बघा, झगमगत्या हॉलिवूडवर स्कॉटलंडचा पाऊस पडतोय. हे उगाच सुचलेलं नाही. ग्लासगोच्या मध्यवस्तीतले रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, अमेरिकी शहरांसारखे. २०११ मध्ये एका हॉलिवूडपटासाठी तिथल्या जॉर्ज स्क्वेअरला चक्क फिलाडेल्फिया बनवलं होतं. जहाजबांधणी बसलेली, कारखाने बंद पडलेले, आणि महापालिका १९८३ पासून शहराची नवी ओळख रंगवण्याच्या मोहिमेवर. अशा शहरात वाढलेला तरुण सिनेमात पाहिलेली अमेरिका आपल्या ओल्या रस्त्यावरच्या दिव्यांत शोधतो. ती सापडत नाही, पण शोधताना त्याला स्वतःचं शहर दिसतं. कोटाच्या खिशात हात घालून चार वाजताच्या अंधारात मी त्याच रस्त्यांवरून चालत होते, म्हणून मला हे सोपं गेलं असेल. पण ज्यांनी ग्लासगो नकाशावरही पाहिलेलं नाही त्यांनाही ही गाणी लागू पडतात, हे मी पाहिलंय.

आता त्या गाऱ्हाण्याकडे. आधी आकडे बघू, कारण चाहते आकडे बघत नाहीत. पहिला अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत ऐंशीव्या जागेपर्यंत पोचला, हे खरं. पण ‘हॅट्स’ बाराव्या जागी गेला, ‘पीस ॲट लास्ट’ तेराव्या आणि ‘हाय’ दहाव्या. पाच, सात आणि आठ वर्षं गायब राहून परत आलेल्या माणसांना लोकांनी दर वेळी पहिल्या पंधरांत नेऊन बसवलं. पहिला अल्बम आला तेव्हा यांनी दौराच केला नाही. पहिला दौरा थेट १९९० मध्ये. सुटं गाणं एकही पहिल्या चाळिसांत गेलं नाही, हेही खरं, पण सहा-सहा मिनिटांची, अर्धी शांततेने भरलेली गाणी रेडिओवर किती वाजणार? १९९५ या एकाच वर्षी ॲनी लेनॉक्स आणि रॉड स्टुअर्ट या दोघा नामवंत ब्रिटिश गायकांनी आपापल्या अल्बममध्ये ‘द डाउनटाउन लाइट्स’ गायलं. त्याच वर्षी अमेरिकेचा सोल गायक आयझॅक हेज याने ‘लेट्स गो आउट टुनाइट’ गायलं. जगाने ज्यांना वाऱ्यावर सोडलं, त्यांच्या गाण्यांपुढे असले लोक रांग लावत नाहीत.

मग दुर्लक्ष कशाचं? माझ्या मते आपल्याला राग आहे तो आपली आवड सर्वांची आवड नसल्याचा, आणि गंमत अशी की ती सर्वांची व्हावी असंही आपल्याला वाटत नाही. ‘दुर्लक्षित’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. जगाने लक्ष दिलं नाही असं म्हणताना, मी मात्र दिलं, हे न बोलता बोलून होतं. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन तरी झालो, असं म्हणण्यात आपल्याकडे नम्रता मानतात; मला त्यात नेहमीच थोडी फुशारकी ऐकू येते. गाण्याचा मोठेपणा आणि ते ओळखणाऱ्याचा मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्याचं भाडं आपण पहिल्याकडून वसूल करतो.

याचा पुरावा २०२४ च्या एप्रिलमध्ये मिळाला. टेलर स्विफ्टने नव्या अल्बममधल्या एका गाण्यात ब्लू नाइलचं आणि ‘डाउनटाउन लाइट्स’चं नाव घेतलं. ज्या पिढीच्या जन्माआधी हे गाणं आलं होतं ती पिढी एका रात्रीत ते शोधू लागली. चाळीस वर्षं न्याय मागणाऱ्यांनी पेढे वाटायला हवे होते. काहींनी वाटलेही असतील. पण माझ्या ओळखीतल्या जुन्या मंडळींचा पहिला उद्गार होता, ‘आता काय, सगळेच ऐकणार!’ मीही मनातल्या मनात तेच म्हटलं, उगाच साळसूद कशाला होऊ. न्याय दारात आला आणि आपण दार किलकिलं करून विचारलं, कोण हवंय?

दुसरी खोड दंतकथांची. ब्लू नाइलबद्दलची सर्वांत लाडकी दंतकथा अशी: ग्लासगोची लिन नावाची टर्नटेबल (तबकड्या वाजवायची यंत्रं) आणि स्पीकर बनवणारी कंपनी होती (अजून आहे), तिला आपली महागडी यंत्रं दाखवायला एक नमुन्याचं गाणं हवं होतं, म्हणून तिने या तिघांकडून अल्बमच करून घेतला. (ऐंशीच्या दशकातलं प्रसिद्ध लिन ड्रम मशीन वेगळं, ते अमेरिकेतल्या रॉजर लिनचं, या गोंधळावर मी एकदा भर बैठकीत तोंडघशी पडले आहे.) मूळ गोष्ट इतकी चटपटीत नाही. एडिनबरापासून थोडं पुढे, पेनकेटलंड गावात एका जुन्या शाळेच्या इमारतीत कॅसलसाउंड स्टुडिओ होता. तिथला ध्वनिमुद्रक कॅलम माल्कम. त्याच्याकडे लिनचे स्पीकर होते आणि त्याने या मुलांचं कच्चं ध्वनिमुद्रण लिनच्या माणसांना त्यावर ऐकवलं. त्यांना ते इतकं आवडलं की रेकॉर्ड कंपनी नसताना त्यांनी ती काढली. नमुना करून देण्याचा मामला नव्हता, असं बँडने नंतर स्पष्ट सांगितलंय. पण दंतकथाच टिकते, कारण तीत एक योगायोग आहे आणि योगायोग सांगायला बरा वाटतो.

मला या हकिकतीत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. टर्नटेबल विकणाऱ्यांना गाण्याच्या धंद्याची घाई ठाऊक नव्हती. दर वर्षी एक अल्बम, दर अल्बमला चार सुटी गाणी, मध्ये दौरा, हे वेळापत्रक त्यांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. त्यांनी वेळ दिला. ‘हॅट्स’च्या वेळी तो वेळही पुरेना. दुसऱ्या अल्बमसाठी तिघे स्टुडिओत बसले ते बसलेच. महिनोन्महिने हाती काही लागेना, केलेलं टाकून दिलं, शेवटी स्टुडिओ दुसऱ्यांना द्यायची वेळ आली आणि हे घरी परतले. घरी गाणी सुचली. पुन्हा स्टुडिओ मिळाला तेव्हा काम भराभर उरकलं. म्हणजे ज्या पाच वर्षांना चाहते ‘पाच वर्षांची साधना’ म्हणतात, त्यांतली बरीचशी अडकून पडण्यात गेली. पण अडकून पडायची मुभा होती, हे विसरू नका.

सार्वजनिक प्रश्न मला इथे दिसतो, न्याय-अन्यायात नाही. २०२० च्या उन्हाळ्यात स्पॉटिफायचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक (Ek) हे एका मुलाखतीत म्हणाले होते की तीन-चार वर्षांतून एकदा अल्बम काढून भागेल, असं आता कलाकारांनी समजू नये. श्रोत्यांशी सतत संपर्क ठेवायला हवा. पुष्कळ कलाकार चिडले. पण डॅनियल खोटं बोलत नव्हते, ते फक्त नव्या दुकानाचा नियम वाचून दाखवत होते. २०२४ पासून तर त्याच दुकानात ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही कुणी ऐकलं नाही, त्याला मानधनाच्या वाटणीतून वगळलं जातं. टेलर स्विफ्टने नाव घेतलेल्या ब्लू नाइलला त्याची झळ नाही. पण आज ग्लासगोत, नाहीतर गोंदियात, कुणी तिघे जण एका खोलीत बसून दोन सुरांमधली जागा किती ठेवावी यावर वाद घालत असतील, तर हा नियम त्यांच्यासाठी आहे. पाच वर्षांनी ते सात गाणी घेऊन बाहेर येतील तेव्हा दुकान त्यांना विचारेल, इतके दिवस कुठे होता?

यावर उत्तर तयार असतं: खरी कला मार्ग काढतेच. हे वाक्य म्हणणारा माणूस सहसा पगारी असतो. ब्लू नाइलने मार्ग काढला कारण एका स्पीकरवाल्या कंपनीला त्यांची गाणी आवडली, पुढे मोठ्या कंपन्यांनी आगाऊ पैसे दिले, आणि तेव्हाच्या ब्रिटनमध्ये बेकार भत्त्यावर का होईना तरुणाला काही काळ तग धरता येत होता. त्या दशकातल्या ब्रिटिश पॉपचा इतिहास लिहिताना त्या भत्त्याला आभाराच्या पानावर पहिली जागा द्यायला हवी.

आयर्लंडने २०२२ मध्ये एक प्रयोग केला. दोन हजार कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. काय बनवलं ते दाखवा, अशी अट नाही. आपल्याकडे असं काही सुचवलं तर पहिला प्रश्न येईल, ‘आणि त्याने काहीच केलं नाही तर?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझं उत्तर असं: काही जण खरंच काही करणार नाहीत. अडकून पडलेल्या ब्लू नाइलकडे १९८७ मध्ये कुणी हिशेब मागितला असता तर त्यांच्याकडेही दाखवायला काही नव्हतं. हा पैसा बुडू शकतो, हे मान्य करूनच तो द्यायला लागतो. हे मान्य नसेल तर सरळ देऊ नये, पण मग पुढची वीस वर्षं ‘पूर्वीसारखी गाणी होत नाहीत’ असं म्हणत बसू नये.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मीही दंतकथाच रचतेय असं होईल. हळू काम म्हणजे आपोआप थोर काम नव्हे. सात वर्षांनी आलेल्या ‘पीस ॲट लास्ट’मधला अर्धाअधिक भाग मला सपक वाटतो, गिटार आली, चर्चमधल्यासारखं वृंदगान आलं आणि ती दोन सुरांमधली जागा बुजली. पण त्यातच ‘फॅमिली लाइफ’ आहे, पियानो आणि आवाज एवढंच, नाताळच्या रात्री मोडत चाललेल्या घरात बसलेल्या माणसाची साधी प्रार्थना. ते ऐकल्यावर मी बाकीच्या गाण्यांना माफ करते. शिवाय या हळूपणाची किंमत त्यांनी मोजलेली आहे. मूर २००४ मध्ये बाहेर पडले, जुनी मैत्री तुटली. मोकळा वेळ कलाकाराला घडवतो तसा कुरतडतोही. चाहत्यांना त्यांच्या गप्प बसण्यात तपश्चर्या दिसते. त्या खोलीत बसलेल्यांना कदाचित नुसती भीती दिसत असेल, की पुढचं गाणं आधीच्यांच्या तोडीचं नसलं तर?

म्हणूनच पाचवा अल्बम कधी, हा लकडा मला आता बोचतो. ब्युकॅनन यांनी २०१२ मध्ये एकट्याने ‘मिड एअर’ काढला, चौदा छोटी छोटी गाणी, बहुतेक पियानोवर, रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये अशा आवाजात. तेवढ्यावर लोक गप्प बसतील असं वाटलं होतं. छे. प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न. आधी आपण म्हणायचं, जगाने यांना काही दिलं नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात, यांनी आम्हाला आणखी द्यावं. स्पॉटिफायच्या प्रमुखावर आपण तुटून पडलो, पण सतत काहीतरी नवं हवं ही त्यांची मागणी आणि आपली मागणी यांत फरक एवढाच, की ते तीन-चार वर्षं थांबायला तयार नाहीत आणि आपण वीस वर्षं थांबलो याचं आपल्याला कौतुक हवंय.

ती एक पौंडाची सीडी अजून माझ्याकडे आहे, पण ती लावायला घरात आता यंत्र उरलेलं नाही. परवा शेवटी ज्या दुकानाला इतकी नावं ठेवली त्याच दुकानात जाऊन ‘सेव्हन ए.एम.’, म्हणजे ते ओरखड्यातलं सहावं गाणं, पहिल्यांदा सलग ऐकलं. चांगलं आहे. दुसऱ्या मिनिटाला ते अडखळेल म्हणून मी वाट पाहत होते, आणि ते सरळ पुढे निघून गेलं.